फसतो तो लोभीच?

ठेवयोजना बुडाली की फोंडा-म्हापशात एकच वाक्य ऐकू येतं: हाव नडली. हा समज चुकीचा आहे, आणि फसलेल्याला तोंड लपवायला लावणारा आहे. अमेरिकेत गुंतवणुकीच्या नावाने हजारोंना फसवणारा बर्नी मॅडॉफ दामदुप्पट देतच नव्हता. वर्षाला साधारण 10 टक्के, पण न चुकता. नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजाराचा हा माजी अध्यक्ष 2008 मध्ये उघडा पडला तेव्हा पैसे अडकलेल्यांत बँकाही होत्या.

आपल्याकडे चवथीला आलेले भावोजी पासबुकातली पहिल्या व्याजाची नोंद दाखवतात. नोंद खरीच असते. पैसे मात्र नव्या ठेवीदाराचे. भावोजी खोटं बोलत नसतात, म्हणून तर आपण सही करतो. ठेवी घेणाऱ्या कंपनीला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तपासता येतं. तक्रारही तिथेच करता येते.