२४ हा आकडा डोळ्याचा नाही, कानाचा आहे

परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला, "माणसाचा डोळा सेकंदाला २४ च चित्रं बघू शकतो, म्हणून सिनेमा २४ फ्रेमचा." सोबत शीळ घालत बोटीचं चाक फिरवणारा काळापांढरा मिकी. डोळ्याचं हे खोटं आहे. २४ वेळाच पडदा उजळला तर चांगलाच फडफडतो, म्हणून प्रोजेक्टर एकेक फ्रेम निदान दोनदा दाखवतो.

पण मिकी मात्र बरोबर निवडलाय. तो 'स्टीमबोट विली'मधला, १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात लागलेला (पहिलं आवाजाचं कार्टून वगैरे नाही हं, कार्टूनवाले फ्लायशर बंधू आधीच करून बसले होते). मूकपटात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, स्पीड कमीजास्त झाला तरी डोळा चालवून घ्यायचा. कान नाही घेत. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आली की स्पीड जरा डळमळला तरी सूर घसरतो, सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा. म्हणून सेकंदाला २४, ठरलेले.

आणि एकदा स्पीड ठरला की संगीत मोजता येतं! मिनिटाला १४४० फ्रेम, गाण्याचे ठोके मिनिटाला १२०, म्हणजे एका ठोक्याला बरोब्बर १२ चित्रं. डिस्नीकडच्या विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम (ठरल्या लयीत टकटक ठोके देणारं यंत्र) आणून हाच हिशोब बसवला. मिकी गायीचे दात वाजवतो ना, तिथे दर ठोक्याला एक दात वाजवायचा असेल तर काठी पहिल्या, तेराव्या, पंचविसाव्या चित्रात दाताला टेकली पाहिजे, म्हणजे आपली मात्राच, फक्त कागदावर मोजलेली. आता लय १२५ हवी असेल तर? ठोक्याला ११.५२ चित्रं येतात, आणि अर्धं चित्र काढणार कसं, मग कधी ११ कधी १२ अशी तडजोड, नाहीतर सरळ लयच बदला.

वादक मात्र माणसं. पहिल्या रेकॉर्डिंगला ऑर्केस्ट्रा चित्राबरोबर राहिनाच, शेवटी कंडक्टरला ठोका दिसावा म्हणून फिल्मवर उडता चेंडू टाकला तेव्हा जमलं.

अजून एक भानगड आहे. चित्र दिसायला फिल्म दर फ्रेमला क्षणभर थांबावी लागते, आवाज वाचायला मात्र ती सलग सरकावी लागते, एकाच जागी दोन्ही अशक्य. म्हणून प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या जागेहून थोडा खाली, फिल्म तिथे जरा नंतर पोचते. त्यामुळे प्रिंट हातात धरलीत तर दात वाजतो त्या चित्राच्या कडेला त्याचा आवाज नसतोच, तो साधारण २० फ्रेम आधीच्या चित्राशेजारी छापलेला असतो.