कोर्टात आता जायचे की थांबायचे? करोनाकाळातील ईपीएस-९५ पेन्शनरांचा पेच

ईपीएस-९५, म्हणजे पीएफ भरणाऱ्या कामगारांसाठीची कर्मचारी पेन्शन योजना, १६ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाली. मार्च १९९६ मध्ये तिच्यात ठरलेल्या पगारमर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर अंशदान भरण्याची, म्हणजे वाढीव पेन्शनचा पर्याय देण्याची मुभा आली, पण असंख्य कामगारांपर्यंत ती निवृत्तीआधी पोचलीच नाही. ६,५०० रुपयांच्या मर्यादेवर ३५ वर्षे सेवा धरली तरी सूत्रानुसार महिन्याच्या पेन्शनचा हिशेब ३,२५० रुपयांवर थांबतो.

कोर्टाची वाट मोकळी झाली ती ४ ऑक्टोबर २०१६ ला. पर्याय देण्यासाठी १ डिसेंबर २००४ ही अंतिम तारीख लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वाढीव पेन्शनची वाट अडवणाऱ्या, योजनेतल्या २०१४ च्या दुरुस्त्या रद्द केल्या आणि १ एप्रिल २०१९ ला त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात फेटाळले गेले. आता फक्त याचिका टाकायची बाकी आहे, असे सगळ्यांना वाटत असतानाच टाळेबंदी आली.

२३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्चपासूनच्या कायदेशीर मुदती वाढवल्या. पेन्शनरांमध्ये त्याचा अर्थ 'आता घाई नाही' असा पसरला. अपिलांपुरते ते बरोबर होते. पण पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो आणि उशिरा आलेल्याला थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, हे सूत्र २००८ पासून रूढ आहे. त्यामुळे जितके थांबावे तितकी मागची थकबाकी हातची जाण्याची भीती. मुदतवाढीवर विसंबून हा हिशेब सोडून देणे धोक्याचेच होते.

तरीही जे थांबले त्यांना आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सत्तरीतल्या माणसाने प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीकडे जायचे, बंद पडलेल्या कारखान्याच्या दप्तरातून अंशदानाचे उतारे काढायचे, तेही साथीत! त्याहून मोठी अडचण पैशाची. वाढीव पेन्शन हवी तर निवृत्तीवेळी हातात आलेल्या पीएफमधला फरक व्याजासह परत भरावा लागतो, आणि त्या काळात तोच पैसा दवाखान्यासाठी राखून ठेवलेला होता. हयातीच्या दाखल्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली गेली, कारण वृद्धांनी बाहेर पडू नये हे सरकारलाही मान्य होते. मग दाव्यासाठी मात्र त्यांनी धावपळ करायला हवी होती का?

दरम्यान प्रकरणच फिरले. २९ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळल्याचा आपलाच आदेश मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये वाद तीन न्यायमूर्तींकडे गेला. ज्यांनी धोका पत्करून २०२० मध्ये याचिका टाकल्या, त्यांच्याही निकालाचा पायाच डळमळीत झाला.

४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने १ सप्टेंबर २०१४ ला सेवेत असलेल्यांना पर्यायासाठी नवी मुदत दिली. ती वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. पीएफ ट्रस्ट असलेल्या, म्हणजे कामगारांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टमार्फत सांभाळणाऱ्या आस्थापनांतील कर्मचारीही त्यात आले. पर्याय न देता १ सप्टेंबर २०१४ आधी निवृत्त झालेल्यांना, म्हणजे सगळ्यात वयस्कर गटाला, काहीच मिळाले नाही. जानेवारी २०२३ मध्ये तर त्यांच्यापैकी ज्यांची पेन्शन आधीच वाढली होती, त्यांच्या प्रकरणांची फेरतपासणी सुरू झाली.