खोल समुद्रातील कुप्याच्या मासेमारीसाठी अ‍ॅक्सेस पास : ठाणे जिल्ह्यातील नौकामालकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र मासेमारीच्या बाबतीत राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो आणि त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत देशाचे अनन्य आर्थिक क्षेत्र असते. या पुढच्या क्षेत्रातील मासेमारीसाठी केंद्र सरकारने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी नवे नियम अधिसूचित केले असून, त्यांनुसार यांत्रिकी नौकांना (ज्यांत इंजिन कायमचे आत बसवलेले असते) आणि मोठ्या आकाराच्या, बाहेरून मोटर बसवलेल्या नौकांना तेथे मासेमारी करण्यासाठी अ‍ॅक्सेस पास घ्यावा लागतो. उत्तन, पाली, चौक या पट्ट्यातील ज्या नाखवांच्या, म्हणजे नौकामालकांच्या, बोटी कुपा (ट्यूना) आणि सुरमईच्या मागे बाहेरच्या पाण्यात जातात, त्यांना हा नियम थेट लागू होतो.

पासाची गरज का पडली, हे समजून घेतले तर त्यातील अटीही समजतात. पिवळ्या पराचा कुपा, ज्याला व्यापारात यलोफिन ट्यूना म्हणतात, तो कोणत्याही एका देशाच्या हद्दीत राहत नाही. ओमानजवळ पकडलेला आणि आपल्या जाळ्यात आलेला मासा एकाच साठ्यातला, म्हणजे माशांच्या एकाच सामायिक समूहातला, असतो. हिंदी महासागरातील हा साठा २०१५ मध्ये अतिमासेमारीग्रस्त ठरला. सेशेल्समधील व्हिक्टोरिया येथे मुख्यालय असलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०१६ मध्ये साठा सावरण्यासाठी पहिली योजना आखली आणि २०१४ मध्ये मोठी पकड केलेल्या देशांना पर्ससीन (थव्याला वेढा घालणारे जाळे) नौकांची पकड १५ टक्के, तर गिलनेट (मासे अडकवणारे पडद्यासारखे जाळे) आणि लाँगलाइन (अनेक गळ लावलेली लांब दोरी) यांची पकड प्रत्येकी १० टक्के कमी करण्यास सांगितले. २०२१ च्या कडक ठरावावर भारताने आक्षेप नोंदवला, त्यामुळे तो ठराव भारतावर बंधनकारक झाला नाही. २०२४ च्या पाहणीत हा साठा सावरलेल्या स्थितीत दिसला. मात्र या बदलामागे लाँगलाइन नौकांच्या पकडीच्या प्रमाणाची नव्याने तपासलेली आकडेवारी हेही एक कारण होते आणि शास्त्रज्ञांनी वर्षाला सुमारे ४ लाख २१ हजार टनांच्या वर पकड जाऊ नये असाच सल्ला दिला. सावरलेला साठा म्हणजे मोकळे रान, असा अर्थ कोणी काढू नये. मोठ्या डोळ्यांच्या कुप्याचा साठा तर २०२२ च्या पाहणीत अतिमासेमारीग्रस्तच ठरला होता.

पास कोणाला लागतो आणि कोणाला लागत नाही, याबाबत बंदरावर बराच गोंधळ दिसतो. पारंपरिक आणि लहान प्रमाणावर मासेमारी करणारे, मग त्यांची होडी वल्ह्याची असो वा मोटर बसवलेली, या पासातून वगळलेले आहेत. त्यामुळे दिवाळे, सारसोळे, घणसोली, वाशी गाव येथील खाडीत जाळे टाकणाऱ्यांना अर्ज करण्याची गरज नाही; तसा अर्ज ‘करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत. देशभरात रिअलक्राफ्ट या केंद्रीय पोर्टलवर नोंदलेल्या नौकांपैकी सुमारे ६४ हजार यांत्रिकी नौकांना पास लागणार आहे. परदेशी नौकांना मासेमारीची परवानगी नाही. २४ मीटर किंवा त्याहून लांब नौकेने आयोगाच्या क्षेत्रात कुपा पकडायचा असेल, तर तिचे नाव आयोगाच्या अधिकृत नौकांच्या नोंदवहीतही असावे लागते आणि देशाच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या लहान नौकेलाही तीच अट आहे.

आता कागदपत्रांविषयी. पासासाठी शुल्क नाही, अर्ज पूर्णपणे ऑनलाइन आहे आणि त्यासाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागू नयेत असेच त्याचे स्वरूप ठेवलेले आहे. तरीही अर्ज अडतात, आणि अडतात ते बहुतेक वेळा पासामुळे नव्हे, तर त्याच्या पायाशी असलेल्या जुन्या कागदांमुळे. म्हणून अर्जापूर्वी नौकेचे नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील चालू मुदतीचा परवाना, विम्याची पॉलिसी, मालकाचे आधार कार्ड आणि मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदत्व यांचे कागद एकत्र मांडून ताडून पाहावेत. वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कुटुंबांत हे विशेष काळजीने करावे लागते, कारण एकच आडनाव नोंदणीत ‘डिसोजा’, आधारवर ‘डिसूझा’ आणि बँकेत आणखी तिसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते. माणसाच्या दृष्टीने फरक शून्य, पण संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसे ठरू शकतात. नौका वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर आधी वारसांपैकी एकाच्या किंवा सर्वांच्या नावे हस्तांतर करून घ्यावे. विकत घेतलेल्या नौकेचा व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाला, पण नोंदणीत जुना मालकच राहिला, ही तर जवळजवळ प्रत्येक बंदरावरची गोष्ट आहे. इंजिन बदलले असेल, तर नव्या इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावी व खरेदीचे बिल जपून ठेवावे. नौकेच्या कठड्यावर रंगवलेला क्रमांक आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक यांत एका अक्षराचाही फरक नसावा.

हे सर्व जुळल्यावर मालकाने रिअलक्राफ्ट पोर्टलवर आपल्या मोबाइल क्रमांकाने प्रवेश करून, नोंदणी क्रमांकावरून नौका निवडून पासासाठी अर्ज करावा आणि अर्जाची स्थिती तेथेच पाहत राहावे. मोबाइल क्रमांक मालकाचाच द्यावा, मध्यस्थाचा नको. पुढचे सर्व संदेश त्याच क्रमांकावर येतात. संगणकाची सवय नसेल, तर सागर मित्र (मच्छीमारांच्या मदतीसाठी गावात नेमलेला कार्यकर्ता) किंवा संस्थेच्या कार्यालयातील लिपिकाची मदत घेता येते. दुरुस्तीची बाब मात्र नोंदणी आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाकडेच सुटते. ठाणे जिल्ह्यातील नौकांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे जावे. नवी मुंबई महापालिकेची हद्द ठाणे जिल्ह्यात येते, पण पनवेल, उलवे, उरणकडच्या नौकांची कागदपत्रे रायगड जिल्ह्यात असतात आणि चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

पास मिळाला म्हणून राज्याचा परवाना, समुद्रात निघण्यापूर्वीचे टोकन किंवा खलाशांची ओळखपत्रे सुटत नाहीत. पास बाहेरच्या क्षेत्रासाठी आहे, आणि बोट तर १२ मैल ओलांडूनच तिथे जाते. क्यूआर कोड असलेले आधार कार्ड किंवा मच्छीमार ओळखपत्र प्रत्येक खलाशाजवळ असावे. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे ज्याच्या राष्ट्रीय वाटपाची सुरुवात झाली, तो दुतर्फा संदेश पाठवणारा ट्रान्सपॉन्डर नौकेवर बसवून घेतला, तर तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, वादळाचा इशाराही मिळतो आणि संकटात मदतही मागता येते.

अटींपैकी तीन गोष्टी उत्तनच्या गिलनेट नौकांनी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली, एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून ओढायच्या ट्रॉल जाळ्याची मासेमारी बाहेरच्या क्षेत्रातही बंद आहे. राज्याच्या हद्दीत २०२१ च्या दुरुस्तीने एलईडीसाठी दंड ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत नेला आहे. दुसरी, आयोगाच्या ठरावानुसार १ जानेवारी २०२२ पासून २.५ किलोमीटरहून लांब तरंगते जाळे आयोगाच्या संपूर्ण क्षेत्रात वर्ज्य आहे. जाळ्याचे तुकडे एकास एक जोडत गेले की ही मर्यादा कधी ओलांडली जाते, ते तांडेललाही कळत नाही, म्हणून बंदरावरच मोजून घ्यावे. तिसरी, लांब शेपटीचा थ्रेशर शार्क जाळ्यात आल्यास तो ठेवून घ्यायचा नसतो, आणि बहिरी म्हणजे व्हेल शार्क तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

पकडीची नोंद हा अनेकांना नकोसा वाटणारा भाग. फेरीत किती कुपा, कोणत्या जातीचा, कोणत्या जाळ्याने आणि साधारण कुठे मिळाला, हे तांडेलाने त्याच दिवशी लिहावे. गेदर, पिवळ्या पराचा कुपा आणि मोठ्या डोळ्यांचा कुपा एकाच रकान्यात ‘कुपा’ म्हणून टाकू नयेत. पिल्लू असताना शेवटचे दोन दिसायला इतके सारखे असतात की बंदरावरचा अनुभवी माणूसही अडखळतो, म्हणून शंका असेल तिथे ‘शंका’ असेच लिहिलेले बरे. कोणत्या देशाला किती पकड द्यायची यावर आयोगात वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे आणि त्या चर्चेत देशाच्या बाजूने ठेवायला नोंदलेली पकडच असते. कागदावर न आलेला मासा आपल्या वाट्याच्या हिशेबात येत नाही. शिवाय युरोपीय संघ २०१० पासून पकड प्रमाणपत्राशिवाय (मासा कायदेशीरपणे पकडल्याच्या दाखल्याशिवाय) सागरी मासे घेत नाही, आणि रिअलक्राफ्ट हे पोर्टल निर्यातीच्या प्रमाणपत्रांशी जोडले जात असल्यामुळे चांगला भाव हवा असलेल्या मालकाला ही नोंद टाळून चालणार नाही.

नव्या नियमांत मच्छीमार सहकारी संस्था आणि मत्स्य शेतकरी उत्पादक संघटनांना खोल समुद्रातील मासेमारीत प्राधान्य देण्याचे धोरण आहे. एकट्याने मोठी नौका बांधणे परवडत नसेल, तर संस्थेच्या नावे नौका घेण्याचा मार्ग खुला आहे. मात्र तेव्हा अर्जदार संस्था असते आणि संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, ठराव व अधिकृत सहीकर्त्याचे कागदही तयार ठेवावेत.

अर्जासाठी सोयीचा काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदीची मुदत, कारण नौका किनाऱ्यावर ओढलेली असते, नूतनीकरणाची बहुतेक कामे तेव्हाच होतात आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष पाहून दाखवता येतो. मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात कार्यालयात गर्दी उसळते; नावातील किंवा वारसाची दुरुस्ती ज्यांना करायची आहे, त्यांनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच ती हाती घ्यावी.