किशोरांसाठीच्या ऐतिहासिक कादंबरीचे परीक्षण

साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या किंवा घरात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीची चिकित्सा. इथे पुस्तक निवडणारा एक आणि वाचणारा दुसरा असतो. शिवाय या वयात वाचलेला काल्पनिक प्रसंग पुढे इतिहास म्हणूनच डोक्यात राहतो. त्यामुळे इतिहास कुठे थांबतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे दाखवणे परीक्षकाचे पहिले काम.

पुस्तक दोनदा वाचावे लागते. पहिल्यांदा सलग, गोष्ट म्हणून. जिथे कंटाळा आला तेवढी पाने टिपून ठेवावीत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन तारखा, तिथी, अंतरे आणि वस्तूंची यादी करावी.

सिंहगडाच्या लढाईवरची कादंबरी घेतली, तर हल्ल्याची तिथी माघ वद्य नवमी, शके 1591. शकात 78 मिळवून इसवी सन काढायची सवय इथे फसते : माघात 79 मिळवावे लागतात, म्हणून साल 1669 नव्हे, 1670. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. तेव्हा मावळे पहिल्या प्रहरी लख्ख चांदण्यात कडा चढत असतील, तर लेखकाने पंचांग उघडलेले नाही. घोरपडीची कथा लोकपरंपरेतली. कादंबरीत तिला मज्जाव नाही, पण मनोगतात तसे सांगितलेले असावे. तानाजीच्या मृत्यूनंतरच गडाला हे नाव पडले, असे ठामपणे लिहिलेले असल्यास खोडावे. ‘सिंहगड’ 1670 आधीच्या पत्रात सापडतो.

वस्तूंच्या चुका चटकन दिसतात. शिवकाळातल्या मावळातील घरात चहा उकळत नाही, पहारेकरी ‘पाच मिनिटं थांब’ म्हणत नाही. घटका 24 मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडणारी, बंदूक भर पावसात विनाअडचण उडत असेल तर शंका घ्यावी, कारण भिजलेला तोडा विझतो. मिरचीवर मात्र घाईने काट मारू नये. पोर्तुगिजांमार्फत ती सोळाव्या शतकातच आली होती. चित्रे आणि नकाशेही याच चाळणीतून काढावेत. मजकूर निर्दोष आणि मुखपृष्ठावरची तलवार भलत्याच काळाची, असे पुष्कळदा होते.

अशा चुकांची यादी म्हणजे परीक्षण नव्हे. त्याहून अवघड चूक माणसांच्या मनात असते : सतराव्या शतकातली बारा वर्षांची मुलगी आजच्या शाळकरी मुलीसारखी बोलते आणि तिला कोणी अडवत नाही. उलट टोकाला, शत्रुपक्षातला प्रत्येक जण क्रूर आणि मूर्ख दाखवला की लढाईतली चुरसच जाते. जात, बालविवाह, सती हे विषय गाळले आहेत की पेलले आहेत, तेही नोंदवावे.

हिंसेबद्दल ‘मुलांना चालेल’ एवढे लिहून पालकाच्या हाती काही लागत नाही. मृत्यू डोळ्यांसमोर घडतो की बातमीतून कळतो, जखमांचे वर्णन किती ओळींचे आहे, हे सांगावे. एखादे प्रकरण मोठ्याने वाचून पाहिले की दरबारी फारसी शब्द संदर्भाने उलगडतात की दर ओळीला शब्दार्थ पाहावा लागतो, ते कळते.

परीक्षण 400 ते 600 शब्दांत बसते. कथासार त्यातले चौथाईहून जास्त नको. लढाईचा निकाल पाठ्यपुस्तकामुळे मुलांना ठाऊक असतो, काल्पनिक पात्रांचे काय होते ते मात्र फोडू नये.