पोर्टचा आकडा म्हणजे कुलूप नव्हे

सर्व्हरच्या लॉग नोंदी (त्यावर काय काय घडले याची टिपणे) वेब सर्व्हरमधून दाखवताना नेहमीचा ८० सोडून अनोळखी पोर्ट, म्हणजे सेवेच्या दाराचा क्रमांक, घेतला की बाहेरच्या कोणाला त्या दिसत नाहीत, असा सल्ला पणजी-म्हापशाकडच्या लहान कार्यालयांच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरत आला आहे. तो पटतोही, कारण घराचा नंबर ठाऊक नसलेला माणूस दारापर्यंत पोहोचणार तरी कसा?

मात्र एका पत्त्यावर टीसीपीचे (इंटरनेटवरील जोडणीच्या नेहमीच्या पद्धतीचे) पोर्ट जेमतेम ६५,५३५ असतात आणि ते सगळे ठोठावून पाहणे स्कॅनरला, म्हणजे उघडे पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रामला, अवघड नसते. शिवाय लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीची, नोंदी ब्राउझरमध्ये दाखवणारी जर्नल गेटवे ही सेवा मुळातच १९५३१ वर चालते आणि हा आकडा तिच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. ही सेवा स्वतःहून पासवर्ड विचारत नाही. तिच्यातून नोंदी फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत, हे खरे. परंतु वापरकर्त्यांची नावे, आयपी पत्ते आणि फसलेल्या लॉगिनच्या वेळा परक्याच्या हाती लागणे हे काही थोडे नव्हे.

पडताळणी सोपी आहे. त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता, कोलन आणि १९५३१ टाकावे. काही न विचारता नोंदी उघडल्या, तर त्या नेटवर्कवरील कोणालाही उघडतील. मग कार्यालयाच्या सार्वजनिक पत्त्यावर मोबाइल डेटावरून हेच करून पाहावे.

सेवा १२७.०.०.१ या, फक्त त्या सर्व्हरलाच आतून दिसणाऱ्या पत्त्यापुरती ठेवून एसएसएच बोगद्यातून (सर्व्हरवर लॉगिन करून उघडलेल्या सुरक्षित जोडणीतून) नोंदी वाचणे मला सर्वांत सरळ वाटते. नुसते सर्व्हरचे प्रमाणपत्र (ओळख पटवणारी डिजिटल फाइल) बसवल्याने वाटेतला मजकूर झाकला जातो, वाचणाऱ्याची ओळख मात्र तपासली जात नाही. त्यासाठी त्याच्याकडूनही प्रमाणपत्र मागावे लागते.