जावात 'दे' आणि 'धन' यांचा आकडा एकच येतो!

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या बऱ्याच पोरांना वाटतं की स्विचमध्ये (दिलेली गोष्ट ज्या पर्यायाशी, म्हणजे 'केस'शी, जुळेल तिथला कोड चालवणारी रचना) स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, टाकली की मशीन वरून खाली एकेक केस जुळवत बसतं, म्हणजे एकामागून एक अट तपासणारी इफ-एल्सचीच माळ, फक्त दिसायला नीटनेटकी. तसं नाहीये, आणि आत जे चालतं ते मला जाम आवडतं.

सी भाषेत तर स्ट्रिंगवर स्विच चालतच नाही, केसला पूर्णांकच लागतो. तिथे स्ट्रिंग म्हणजे मेमरीतला नुसता पत्ता, आणि एकच शब्द दोन पत्त्यांवर असू शकतो. जावातही स्ट्रिंगवर स्विचची सोय 2011 साली, सातव्या व्हर्जनमध्ये आली.

युक्ती अशी की शब्दाचा आकडा करायचा. प्रत्येक अक्षराला, मात्रेलासुद्धा, युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत) नंबर असतो. पहिला नंबर घ्या, 31 ने गुणा, पुढचा मिळवा, परत 31 ने गुणा, पुढचा मिळवा, असं शेवटपर्यंत (32 बिटांत मावणार नाही तो वरचा भाग गळतो). हा झाला हॅशकोड. केसमधल्या शब्दांचे हॅशकोड कंपायलर (आपला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम) आधीच काढून क्लास फाइलमध्ये, म्हणजे त्याने बनवलेल्या फाइलमध्ये, चढत्या क्रमाने लिहून ठेवतो, त्यामुळे चालताना आलेल्या शब्दाचा तेवढा काढायचा आणि डिक्शनरीत आपण मधलंच पान उघडून शोधतो तसा तो शोधता येतो.

पण आकडा जुळला म्हणजे शब्द जुळला असं नाही! 'दे' मध्ये द 2342 आणि मात्रा 2375, म्हणून 2342 × 31 + 2375 = 74977. 'धन' मध्ये ध 2343 आणि न 2344, म्हणून 2343 × 31 + 2344, तेही 74977च! म्हणून हॅशकोड जुळल्यावर इक्वल्स (दोन शब्द तंतोतंत सारखे आहेत का ते बघणारी जावाची सोय) वापरून अख्खा शब्द ताडून बघतात, जुळला तर त्या केसचा क्रमांक एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवतात आणि त्या क्रमांकावर दुसरा स्विच चालतो. तुम्ही लिहिला एक, कंपायलरने केले दोन.

अंकशास्त्रवाले नावाच्या अक्षरांची बेरीज करून नशीब सांगतात, स्पेलिंग बदलायला लावतात, त्यांच्यामागे पैसे घालवणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावंच. अक्षरांपासून काढलेल्या आकड्यावरून मूळ शब्दसुद्धा नक्की कळत नाही, माणसाचं भविष्य कुठून कळणार?

आणि हे सगळं जमतं कारण 31 चं सूत्र जावाच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे. उद्या कुणी ते बदललं तर आधी कंपाइल केलेल्या फाइल्समधले आकडे जुने राहतील, आणि शब्द बरोबर दिला तरी प्रोग्रॅम सरळ डिफॉल्टमध्ये, म्हणजे कुठलीच केस न जुळल्यावरच्या भागात, जाईल.