उंची आहे, पण फाइल? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलसाठी सेंटर खेळणाऱ्या मुलांची निवड, पात्रता आणि कागदपत्रे

दहावीतला मुलगा सहा फूट सात इंच झाला की नातेवाइकांपैकी कोणी ना कोणी म्हणतंच, "याला अमेरिकेला पाठवा, तिकडे उंच मुलांना बास्केटबॉलवर फुकट शिकवतात." हे अगदीच खोटं नाही. एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि प्रत्येकाला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, लागतो. पण आपल्याकडच्या मुलांचं घोडं अडतं ते नववीच्या गुणपत्रिकेवर, अकरावीला सोडलेल्या गणितावर, दोन कागदांवरच्या दोन जन्मतारखांवर आणि बूट घालून मोजलेल्या उंचीवर. म्हणून सरधोपट पायऱ्या इथे एकेका ओळीत उरकल्या आहेत आणि लोक जिथे अडकतात तिथेच थांबलो आहोत.

पहिली गोष्ट, इथे तीन वेगवेगळी कार्यालयं आहेत. प्रवेश कॉलेज देतं. खेळण्याची पात्रता एनसीएएचं इंडियानापोलिसमधलं एलिजिबिलिटी सेंटर ठरवतं. व्हिसा अमेरिकेची वकिलात देते, आपल्याकडच्या बहुतेकांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातली. एकाचा होकार दुसऱ्यावर बंधनकारक नाही. आणि कोचने व्हिडिओ कॉलवर "आम्हाला तू हवा आहेस" म्हणणं यांपैकी कशातच बसत नाही.

कोच काय तपासतो

सतरा वर्षांचा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा लहान चणीचा खेळाडू, पुढे कसा खेळेल याचा अंदाज बराचसा आजच्या खेळावरून बांधता येतो. उंच मुलाचं तसं नसतं. शरीर आधी वाढतं, पाय आणि हात त्याला नंतर गाठतात. टोरांटोचा झॅक ईडी आधी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे शाळेत उशिरा वळला. त्याच्या वर्षीच्या मानांकनात तो चारशेच्याही खाली होता. पर्ड्यू विद्यापीठाने त्याला घेतलं आणि २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. कॅमेरूनचा जोएल एम्बीड आधी व्हॉलीबॉल खेळायचा. २०११ मध्ये तो एका शिबिरात नजरेस आला आणि दोन वर्षांत कॅन्सस विद्यापीठात पोहोचला. पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून गाजलेला अँथनी डेव्हिस तर शाळेतच गार्डचा सेंटर झाला, इतका झपाट्याने वाढला.

म्हणजे कोच मुलाच्या आजच्या खेळापेक्षा त्याच्या पुढच्या चार वर्षांवर पैसे लावत असतो. त्यासाठी त्याला तीन गोष्टी खऱ्या हव्या असतात: मापं, वय, आणि मुलगा किती वर्षं खेळतोय. आपल्याकडे नेमक्या याच तीन गोष्टींत हातचलाखी होते.

मापांचं बघा. अर्जात "६ फूट १० इंच" लिहिलेलं असतं आणि ते बूट घालून, वर थोडं उदार मनाने मोजलेलं असतं. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगनेही २०१९ पासून खेळाडूंची उंची बूट काढून मोजायला लावली, तेव्हा भल्याभल्यांचे इंच गळाले. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून मोजा, सेंटिमीटरमध्ये लिहा, मोजताना व्हिडिओ काढा. त्याबरोबर दोन मापं हवीत. एक, हात आडवे पसरल्यावर बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर. दुसरं, टाचा जमिनीवर ठेवून हात वर केल्यावर बोट कुठवर पोहोचतं ते. हे दुसरं माप बहुतेक अर्जांत नसतंच आणि सेंटरसाठी तेच जास्त बोलकं असतं, कारण रिंग ३०५ सेंटिमीटरवर असते आणि चेंडू डोक्याने अडवला जात नाही. २०३ सेंटिमीटरच्या दोन मुलांमध्ये मान, खांदे आणि हातांच्या लांबीमुळे इथे सहज दहा सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. आईवडिलांची उंची आणि गेल्या दोन वर्षांत मुलगा किती वाढला हेही लिहा. कोच विचारतोच.

व्हिडिओचं दुखणं वेगळं आहे. तीन मिनिटांची डंकांची (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालण्याची) चित्रफीत, वर ढोलाचं संगीत, आणि समोर साडेपाच फुटांची मुलं. यावरून कोचला काहीही कळत नाही. दोन पूर्ण सामने पाठवा, न कापलेले, आणि त्यांतला एक तरी तोडीस तोड उंचीच्या सेंटरविरुद्धचा. तो हरलेला असला तरी चालेल. बघणारा चेंडू नसतानाचे क्षण बघतो. चेंडू गेल्यावर मुलगा मागे धावतो की चालत येतो? पहिली उडी चुकल्यावर दुसरी किती लवकर मारतो? कठीण पास हातात टिकतो का? स्क्रीन लावताना (सोबत्यासाठी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवताना) पाय रोवून उभा राहतो का, आणि बचावात लहान चणीचा गार्ड अंगावर आला तर बाजूला सरकता येतं का? फ्री थ्रोसुद्धा बघतात. हात तिथे बरा असेल तर बाहेरून नेम लागण्याची आशा असते.

स्पर्धाही बदलली आहे. २०२४ पासून अमेरिकेतले खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतात, अभ्यासाच्या अटी पूर्ण असल्या की झालं. त्यामुळे अठरा वर्षांच्या कच्च्या सेंटरला दोन वर्षं घडवण्याऐवजी बावीस वर्षांचा तयार सेंटर दुसऱ्या कॉलेजातून उचलण्याकडे कोचचा कल असतो. मोठ्या नावांमागे न लागता मधल्या आणि लहान कॉलेजांना लिहा.

वय: इथे स्वतःच्या पायावर धोंडा मारू नका

कडू आहे, पण सांगायलाच हवं. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. एक वर्ष जास्त खेळता यावं म्हणून काही ठिकाणी जन्मतारीख "दुरुस्त" करून घेतली जाते, कधी पालक, कधी प्रशिक्षकच ते करतात. जिल्ह्याच्या स्पर्धेत हे खपून जातं. मग पासपोर्टवर एक तारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी आणि खेळाच्या जुन्या प्रमाणपत्रावर तिसरी. हे सगळे कागद एका फाइलमध्ये आले की पात्रता तर लांबच, व्हिसा अधिकाऱ्यासमोर उभं राहणंही अवघड होतं. शाळा सोडल्यावर नोंदवहीतली तारीख बदलून घेणं जवळपास अशक्य असतं. तेव्हा मुलगा नववीत असतानाच जन्मदाखला, शाळेची नोंदवही, आधार आणि पासपोर्ट एकत्र ठेवून जुळवा.

नावाचंही तेच. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत. एलिजिबिलिटी सेंटरच्या संकेतस्थळावर खातं उघडताना पासपोर्टप्रमाणेच नाव भरा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर शाळेकडून एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं पत्र घ्या. खरोखर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागेल.

वर्षांचं गणितही वयाशीच जोडलेलं आहे. नियमाचा गाभा असा: बारावी ठरल्या वेळेत व्हायला हवी, आणि त्यानंतर डिव्हिजन वनच्या बास्केटबॉलला साधारण एक वर्षाची सवलत असते. त्यापुढेही कॉलेजात न जाता संघटित स्पर्धा खेळत राहिलात तर खेळायचे हंगाम वजा होऊ लागतात. "दोन वर्षं थांबू, अंग भरू दे, मग पाठवू" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा आणि फाइलसाठी घातक. या भागात सध्या वरचेवर बदल होत आहेत, म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्याच वर्षाचा मजकूर एनसीएएच्या संकेतस्थळावर वाचा. मामेभावाने २०१९ मध्ये काय केलं ते विसरा.

शाळेचे कागद

डिव्हिजन वनसाठी १६ मुख्य विषय-वर्षं (एक विषय एक वर्ष शिकला की एक) लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, सामाजिक शास्त्रं २ आणि उरलेली ४ याच विषयांतली किंवा परकीय भाषा, तत्त्वज्ञान वगैरेंतली. या विषयांची सरासरी अमेरिकी मोजणीने चारपैकी किमान २.३, डिव्हिजन टूला २.२. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ मध्ये एनसीएएने काढली. एखादं कॉलेज प्रवेशासाठी मागू शकतं, ती बाब वेगळी.

आता गणित मोजा. नववीचं एक, दहावीचं एक, झाली दोन. तिसरं अकरावीत किंवा बारावीत मिळवावं लागतं. आणि आपल्याकडे काय होतं? मुलगा उंच, दिवसातून दोनदा सराव, म्हणून सगळे मिळून त्याला गणिताशिवाय कला शाखेत घालतात. प्रशिक्षकही खूश, कॉलेजही खूश. दोन वर्षांनी कळतं की एक गणित कमी आहे, आणि तेव्हा वाट फार अरुंद झालेली असते. कला शाखा खुशाल घ्या, पण गणित ठेवा. अर्थशास्त्राबरोबर गणित देणारी कनिष्ठ महाविद्यालयं आहेत, शोधावी लागतात एवढंच.

सर्वांत जास्त छळणारा कागद म्हणजे नववी आणि अकरावीची वार्षिक गुणपत्रिका. दहावी-बारावीची बोर्डाची असते, ती कपाटात जपलेली असते. नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत गेलेलं असतं. अकरावीचं तर अनेक ठिकाणी धड छापलंच जात नाही, विशेषतः मुलगा फक्त हजेरीपटावर असतो अशा कॉलेजांत. एलिजिबिलिटी सेंटरला मात्र नववीपासून प्रत्येक वर्षाचे गुण हवे असतात. शाळेत गेलात तर कारकून म्हणेल, "असा दाखला आम्ही देत नाही, बोनाफाइड घ्या." बोनाफाइडने काम होत नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि जुन्या निकालपत्रकावरून विषयवार गुणांचा उतारा शाळेच्या पत्रावर, सही-शिक्क्यानिशी मागा. शाळा बदलली असेल तर दोन्हीकडून. मराठी माध्यम असेल तर मूळ मराठी प्रत आणि ओळीला ओळ जुळणारं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही लागतात. सारांश चालत नाही. कागद कोणी आणि कसे पाठवायचे ते तुमच्या खात्यातल्या कामांच्या यादीत लिहिलेलं असतं, तसंच करा.

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना एक जादा काच आहे: १६ पैकी १० विषय शेवटच्या वर्षाआधी पूर्ण हवेत, त्यांतले ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानातले. त्यांतले गुण नंतर सुधारून घेता येत नाहीत.

शैक्षणिक अट किती खरी आहे याचं उदाहरण म्हणजे सतनाम सिंग. पंजाबातल्या बल्लोके गावचा, सात फुटांहून उंच, चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेलेला. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला निवडलं, एनबीए ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. पण कॉलेजची वाट अभ्यासाच्या अटींनी अडवलेली होती, तो शाळेतूनच थेट ड्राफ्टला उतरला. उलट हरसिमरन कौर एनबीएच्या अकादमी कार्यक्रमातून सॅन दिएगो विद्यापीठात गेली. मुलींच्या पालकांनी हे लक्षात घ्यावं, कारण आपल्याकडे उंच मुलींसाठी कोणी चौकशीच करत नाही.

हौशी दर्जा

खेळाडू हौशी आहे की खेळातून कमावणारा व्यावसायिक, हे तपासलं जातं. इथे "हे कशाला सांगायचं" म्हणून लपवलेल्या गोष्टी बाहेर येतात. रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या सरकारी कंपनीत क्रीडा कोट्यातून नोकरी, व्यावसायिक लीगचा करार, थ्री-ऑन-थ्री स्पर्धेचं रोख बक्षीस, हे सगळं विचारलं जातं. प्रत्येक गोष्टीने पात्रता जातेच असं नाही, पण लपवलेलं नंतर सापडलं तर प्रश्न दुप्पट होतो. बारावी व्हायच्या आत "नोकरी पक्की करून ठेवू" असं वाटत असेल तर दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही, आधी ठरवा.

आणि दलाल. "फी आत्ता नको, स्कॉलरशिप मिळाली की दहा टक्के द्या" हे फार उदार वाटतं. शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी घेणाऱ्याशी व्यवहार केला तर मुलाची पात्रताच धोक्यात येते. सेवा घ्यायचीच तर ठरावीक फी, पावतीसह. "नॅशनल लेटर ऑफ इंटेंट मिळवून देतो" म्हणणाऱ्याला हसून निरोप द्या. खेळाडूला कॉलेजशी बांधून घेणाऱ्या त्या पत्राची पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाली. आता कॉलेजचा लेखी आर्थिक मदतीचा करार लागतो, तो वाचा: शिक्षणशुल्क, निवास, जेवण यांतलं काय धरलंय, आणि किती वर्षांसाठी. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळावर शिष्यवृत्ती नसतेच. जाहिरातींतून आणि कॉलेजकडून मिळणाऱ्या पैशांच्या बातम्या वाचून हिशोब मांडू नका, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कमाईला कडक मर्यादा आहेत.

उरलेलं

एलिजिबिलिटी सेंटरवर खातं, परदेशी विद्यार्थ्याचं शुल्क (परत मिळत नाही), कॉलेजचा स्वतंत्र अर्ज, कॉलेज मागेल ती इंग्रजीची परीक्षा, मग आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद), सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) शुल्क, डीएस-१६० (व्हिसाचा अर्ज) आणि मुलाखत. डिव्हिजन वन जमत नसेल तर एनएआयए या दुसऱ्या क्रीडा संघटनेची कॉलेजं आहेत, त्यांचं पात्रता केंद्र वेगळं. दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजंही आहेत. उशिरा खेळायला लागलेल्या सेंटरसाठी ती वाट मला अनेकदा जास्त बरी वाटते, तिथे निदान मैदानावर उतरायला मिळतं.

एक गोंधळ मात्र दरवर्षी होतो. शुल्क भरलं, सगळे कागद पोहोचले, तरी खात्यावर महिनोन् महिने काही हलत नाही आणि पालक ईमेलवर ईमेल करत बसतात. एलिजिबिलिटी सेंटर अंतिम निर्णयासाठी फाइल हातात घेतं ते एखाद्या कॉलेजने तुमचं नाव आपल्या मागणी-यादीत टाकल्यावरच. म्हणून कोचला स्पष्ट विचारा, "आमचं नाव यादीत टाकलंत का?" उत्तर टाळलं तर त्याचं मन अजून ठरलेलं नाही असं समजा आणि दुसऱ्या कॉलेजांशी बोलणं चालू ठेवा. ऑगस्टमध्ये रुजू होणाऱ्यांनी हौशी दर्जाच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती १ एप्रिलपासून खात्यातूनच करायची असते, ती आपोआप जात नाही. बारावीचा निकाल आपल्याकडे मेमध्ये लागतो. गुणपत्रिका हातात पडली की त्याच आठवड्यात पाठवा, कारण व्हिसाच्या तारखा तुमच्या निकालाची वाट बघत नाहीत.